पितळी फ्लोटसाठी निपाणी ते वडगाव

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. तिथे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, कार्बोरेटरचे सुटे भाग कुठे मिळतात? मी आजवर कधी उत्तर दिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना फक्त पत्ता हवा आहे त्यांची आधीच माफी मागतो. पत्ता देता येणार नाही. का, ते शेवटी कळेल.

गाडी माझ्या सासऱ्यांची. गोल बॉनेट, गोल पाठ, समोरून पाहिली तर नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीनेही आता आमची ओळख ठेवलेली नाही. सासऱ्यांची निपाणीत तंबाखूची वखार होती. त्यांनी गाडी मुलीला दिली, जावयाला नाही, आणि हा फरक माझ्या पत्नीने, शालनने, एकतीस वर्षं पाळला. गाडी ती चालवायची. बॉनेट ती उघडायची. मी डावीकडे बसून दार धरायचो. डाव्या दाराची कडी लागत नाही, वळणावर दार उघडतं. ते धरून बसणं हे माझं काम आणि ते मी चोख केलं. माझ्याकडे लायसन्स आहे, पण ते मुख्यतः ओळखपत्र म्हणून वापरलं गेलं.

शालन गेल्या श्रावणात गेली. त्यानंतर नऊ महिने गाडी शेडमध्येच होती. मग एजंटचा फोन आला. गाडीच्या फिटनेसची मुदत संपत होती.

"सोमवारी चिकोडीला तपासणीला या. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे सर, ओढून आणायची न्हाय. ही तारीख चुकली तर पुढं लई लांबण लागंल. त्यापरास सरळ भंगारवाल्याला द्या. नंबर पाठवतो."

मी न मागता त्याने नंबर पाठवलाही. नऊ महिन्यांत मी कुठलाच निर्णय घेतला नव्हता. कपाटातल्या साड्यांचा नाही, चष्म्याचा नाही. फोनमध्ये आलेला तो नंबर बघितला आणि पहिल्यांदा काहीतरी पक्कं ठरलं. सोमवारी गाडी चिकोडीला जाणार.

बुधवारी बापू मिस्त्रीला बोलावलं. निपाणीत जुन्या गाडीला हात लावणारा आता तो एकटाच. त्याने कार्बोरेटर काढून फरशीवर ठेवला, झाकण उघडलं आणि आतली पितळेची पोकळ डबी कानाजवळ नेऊन हलवली. आत पेट्रोल खळखळलं.

"फ्लोट बुडालाय मालक."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही डबी पेट्रोलवर तरंगते आणि पुरेसं पेट्रोल आलं की वरच्या सुईने वाट बंद करते. डबीच बुडाली तर पेट्रोल येतच राहतं आणि गाडी ठसका लागल्यासारखी बंद पडते. पुढे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या असतात, ते जेट.

"भोकाला डाग देऊन बुजवता येणार नाही?" मी विचारलं. शालनला सगळे अक्का म्हणायचे, बापूही.

"अक्कांनी तीनदा दिलाय. डागाचंच वजन इतकं झालंय की हा आता पोहायचं विसरलाय. सुई झिजलीय, जेटची भोकं मोठी झाल्यात. फ्लोट, सुई आन् दोन जेट आणा. अर्ध्या तासात गाडी पळवतो."

"आणू कुठून?"

"संकेश्वरला दस्तगीर चाचा. त्यांच्याकडं न्हाय मिळालं तर त्ये सांगतील कुठं हाय."

गुरुवारी सकाळी निघालो. कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळून शालनच्या भाजीच्या पिशवीत ठेवला. नमुना जवळ असावा, नाहीतर दुकानदार काहीही गळ्यात मारतात. पिशवीला पेट्रोलचा वास येत होता. निपाणी स्टँडवरून बेळगावच्या बस सारख्या असतात, खिडकी हवी असेल तर साडेआठच्या आत गाठा. हायवे गुळगुळीत आहे, पण काम कुठे ना कुठे चालूच असतं, त्यामुळे बस मध्येच सेवारस्त्याला उतरते आणि झोप मोडते.

कंडक्टर पिशवीजवळ थांबला. नाक वर केलं.

"काय हाय त्यात?"

"कार्बोरेटर."

"जिवंत हाय?"

"नाही. बिघडलाय."

"मग मांडीवर घ्या. कोंबडी असती तर तिकीट फाडलं असतं."

शेजारच्या आजींना कर्नाटकात बायकांना असतो तसा फुकट प्रवास होता. हातातलं आधार कार्ड त्या लग्नपत्रिकेसारखं मिरवत होत्या. टॉवेलाचं गाठोडं बघून त्यांनी विचारलं, "किती म्हयन्याचं हाय?" मी टॉवेल बाजूला करून दाखवला. त्यांनी पदर नाकाला लावला आणि संकेश्वरपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते सोयीचंच होतं.

संकेश्वरला एक गोष्ट लक्षात ठेवा. सकाळी भवानी व्हायच्या आत, म्हणजे पहिली विक्री होण्याआधी, कुठलाही दुकानदार तोंडाने 'नाही' म्हणत नाही. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला नकार दिला की दिवसभर नकारच, असा हिशेब. मला हे आधीपासून माहीत होतं, तरी फसलो. पहिला दुकानदार म्हणाला, "हाय की! पुढल्या गल्लीत." दुसरा म्हणाला, "ऐती री, ऐती," म्हणजे आहे हो आहे, आणि हात हायवेच्या पलीकडे दाखवला. तिसऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला, फ्लोट हातात घेऊन फार सुंदर म्हणाला, आणि ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट दाखवला. शेवटी मी त्याच्याकडून एक स्पार्क प्लग विकत घेतला. नोट कपाळाला लावून त्याने लगेच सांगितलं, "असला पार्ट हितं कुणाकडंच न्हाय सर. दस्तगीर चाचाकडं जावा." तेव्हा सल्ला असा: आधी काहीतरी छोटं विकत घ्या, मग विचारा. तासभर वाचतो.

दस्तगीर चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. लोखंडाच्या ढिगांमधून एक माणूस जाईल एवढी वाट. चाचा सत्तरीचे असतील. मी टॉवेल सोडला तसे ते उठून उभे राहिले.

"हा निपाणीच्या अक्कांचा."

"तुम्ही ओळखता?"

"ह्यो कार्बोरेटर मी अक्कांपरास आधी ओळखतो. बसा. तुम्ही मालक त्यांचे?" त्यांनी चहा आणि बटर, म्हणजे बेकरीतले कडक छोटे पाव, पुढे केले. मी बटर चहात बुडवून तोंडात घातला आणि तेवढ्यात चाचांनी विचारलं, "अक्का बऱ्या हायत न्हवं?"

आता तोंडात अख्खा भिजलेला बटर असताना माणूस काय बोलणार? मी 'हं' केलं. 'हं'चे बरेच अर्थ होतात. मला वाटलं, गिळून झालं की नीट सांगू. पण गिळून होईपर्यंत चाचा शालनबद्दल बोलायला लागले होते. अक्का दर महिन्याला फोन करतात. अक्कांनी गेल्या दहा वर्षांत या रस्त्यावरचा एकूण एक जुना फ्लोट, जेट आणि सुई गोळा केली. कुठे गाडी मोडीत निघाली की चाचा फोन करायचे आणि अक्का दुसऱ्या दिवशी हजर. चाचा हसत होते. हसणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून असलं सांगणं मला जमत नाही. मी दुसरा बटर घेतला.

"आता माझ्याकडं काय न्हाय," चाचा म्हणाले. "सगळं अक्कांनीच नेलं. तुमच्याच घरात असंल की!"

"घरात नाही. मी सगळं बघितलं."

"मग कंग्राळीला परशरामाला इचारा. शेवटचं त्याच्या गाडीचं काढलतं." त्यांनी तिथूनच फोन लावला. "परशराम, अक्कांचे मालक येत्यात रं तुझ्याकडं. एकटंच. व्हय, अक्का बऱ्या हायत म्हणं."

निघताना त्यांनी एक किलो संकेश्वरी मिरची कागदात बांधून दिली. "अक्कांना द्या. तिखट झेपायचं न्हाय तुम्हाला, त्यांना झेपतं." मी मिरची कार्बोरेटरच्या शेजारी ठेवली. पुढच्या बसमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. गर्दीच्या बसमध्ये ऐसपैस बसायचं असेल तर ही युक्ती ध्यानात ठेवा.

बेळगावात पोचेपर्यंत दुपार झाली. स्टँडजवळ साधी लॉज मिळते, खोली स्वच्छ होती, पंखा वाजत होता. जेवण समोरच्या खानावळीत केलं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, आणि ताक मागाल तितकं. संध्याकाळी बाजारात गेलो. तिथे सुट्या भागांची दुकानं भरपूर आहेत, पण पोरांनी जुना कार्बोरेटर फक्त फोनवर पाहिलेला. एकाने फोटो काढून घेतला. येताना सवयीने अर्धा किलो खव्याचा कुंदा घेतला, जास्त भाजलेला, काळपट. शालनला तोच लागायचा. मला फिका आवडतो. हे लॉजवर आल्यावर लक्षात आलं. डबा टेबलावर ठेवला आणि लवकर झोपलो.

शुक्रवारी सकाळी सिटी बसने कंग्राळीला गेलो. शहर संपतं न संपतं तोच शेतं सुरू होतात. परशराम पहाटे शेत बघतो आणि दुपारी शहरात कारखान्यात पाळीला जातो. तो रस्त्यावरच उभा होता. चाचांचा फोन रात्री पुन्हा आला होता म्हणाला.

"या सर. गाडी बघा आधी."

गोठ्यामागे आमच्या गाडीची सख्खी बहीण उभी होती. चाकं नव्हती. काचांच्या जागी जाळी. आत कोंबड्या. एक कोंबडी स्टिअरिंगवर बसून माझ्याकडे रोखून बघत होती.

"पुढं कोंबड्या, मागल्या शीटवर अंडी," परशराम म्हणाला. "डिक्कीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतो. गाडी अजून चांगली हाय, फकस्त हालत न्हाय."

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या जागी नुसतं भोक.

"त्यो अक्कांनी चार वर्सामागं काढला. पान्यांची पिशवी घिऊन आलत्या. मी म्हटलं चहा करतो, मग बघू. चहा घिऊन आलो तर काढून झालताबी! हात काळं, साडीला डाग न्हाय. माझी बायको अजून सांगती सगळ्यास्नी."

चार वर्षांपूर्वी शालन कंग्राळीला आली होती हे मला माहीत नव्हतं. ती बेळगावला जायची ती वडगावच्या विणकरांकडे साड्या बघायला, असं सांगून. आणि खरंच साडी घेऊन यायची. चार-सहा महिन्यांनी एक. मला वाटायचं, हिला साड्यांची हौस लागली. आता वाटतं, प्रत्येक साडी म्हणजे एक जेट असावा.

"मग ते भाग आहेत कुठे?"

"वडगावला. गंगाक्काकडं, त्या मागावर विणतात. सगळा साठा तिथंच. पर..." परशराम डोकं खाजवायला लागला. "त्या देतील का, ते मी सांगत न्हाय."

"का?"

"जावा तर. बघा तर." आणि मग तोच प्रश्न. "अक्का बऱ्या हायत न्हवं?"

या वेळी माझ्या तोंडात बटर नव्हता. तरीही मी मान हलवली. कशी हलवली ते नक्की सांगता येणार नाही, पण नकारार्थी नव्हती. खोटं एकदा बोललं की पुढच्या गावी ते आपल्या आधी पोचलेलं असतं, त्याला मी तरी काय करणार? परशरामने घरात जाऊन रताळ्यांची पिशवी आणली. पाच किलो तरी असतील.

"अक्कांना द्या. उपासाला."

असं करत माझ्या दोन्ही हातांत शालनसाठी मिरची, कुंदा, रताळी आणि एक बुडालेला कार्बोरेटर झाला. रिक्षावाल्याने सामान बघून विचारलं, "माहेरला निघालासा काय काका?"

वडगावच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा आवाज इतका असतो की माणसं एकमेकांशी हातांनी बोलतात. गंगाक्काचा हातमाग मागच्या अंगणात होता, तिथे जरा शांत. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेली साठीची बाई, आणि समोर अर्धी विणलेली हिरवी साडी. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मागावर फिरणारा धोटा थांबवला नाही.

"अक्कांचे मालक?"

"हो."

"अक्का कुठं हायत?"

"मी गाडीचे भाग न्यायला आलोय. फ्लोट, सुई, दोन जेट."

"ते परशरामानं फोनवर सांगितलं. अक्का कुठं हायत? त्यांना आणा, मग देते."

"मी त्यांचा नवरा आहे."

"म्हणूनच." आता धोटा थांबला. "अक्कांनी सांगून ठिवलंय. गंगाक्का, ह्यातलं माझ्याशिवाय कुणाला द्यायचं न्हाय. आमच्या मालकांना तर मुळीच न्हाय. अण्णा, तुम्ही पितळ बघितलं की मोडीत घालतासा म्हणं."

इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. बारा वर्षांपूर्वी आमच्या दारात भांडीवाला आला होता. आपल्याकडे फुटकं तांबं-पितळ देऊन नवं भांडं घ्यायची पद्धत आहे. मी घर आवरत होतो. माळ्यावर डब्यात पितळेचे वाकडेतिकडे तुकडे सापडले. मोड म्हणून मी ते देऊन टाकले आणि त्या बदल्यात देवघरासाठी घंटा घेतली. चांगली घंटा होती. शालन संध्याकाळी आली तेव्हा मी ती वाजवून दाखवली. त्या डब्यात तिने तीन वर्षं जमवलेले फ्लोट आणि जेट होते. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फक्त घंटा वाजवून बोलली. जेवायला एकदा, चहाला दोनदा.

मला वाटलं होतं ती विसरली. ती विसरली नव्हती. तिने साठा पंचाहत्तर किलोमीटर लांब नेऊन ठेवला होता.

"तो डबा माझ्याकडून चुकून गेला," मी म्हणालो.

"चुकूनच जातंय सगळं. अक्कांना फोन लावा. त्यांनी हो म्हटलं की देते. एक शब्द पुरे."

मी फोन बाहेर काढला. का काढला ते मलाही माहीत नाही. शालनचा नंबर यादीत अजून पहिलाच आहे. लावला तर घरी कपाटात वाजला असता, कारण तिचा फोन मी रोज चार्ज करतो. गंगाक्का वाट बघत होती. सोमवार तीन दिवसांवर आला होता. मी फोन परत खिशात ठेवला.

"ती गेली," मी म्हणालो. "श्रावणात. नऊ महिने झाले."

हे वाक्य मी याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. निपाणीत सांगायची गरज पडली नाही, सगळे आलेच होते.

 गंगाक्काने खड्ड्यातून पाय वर घेतले, ती उठली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे ठेवला. पदराने तोंड पुसलं. आणि मग मला झापायला सुरुवात केली.

"मग संकेश्वरपास्नं बऱ्या हायत, बऱ्या हायत सांगत कशापायी आलासा? काय म्हणायचं ह्याला? लावा फोन चाचाला. माझ्यासमोर लावा."

मी लावला. चाचांनी उचलला.

"चाचा, एक सांगायचं राहिलं. शालन..."

"माहीत हाय मला," चाचा म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. नऊ म्हैनं अक्कांचा फोन न्हाय. आन् अक्का असत्या तर त्यांनी ह्यो कार्बोरेटर तुमच्या हातात दिला असता? त्ये बी भाजीच्या पिशवीत?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही बऱ्या हायत म्हटलासा. सकाळच्या पारी दुकानात आलेल्या माणसाला मी न्हाय कसं म्हणू?" मग ते म्हणाले, "परशरामालाबी माहीत हाय. रातच्याला सांगितलं. मिरची न्हाय खाल्ली तर गंगाक्काला द्या."

फोन ठेवला. गंगाक्काने मिरचीचा पुडा आधीच ताब्यात घेतला होता. तिने ठेचा केला, रताळी उकडली, भाकऱ्या थापल्या. मी म्हटलं ही रताळी उपासाला म्हणून दिली आहेत. ती म्हणाली, "नऊ म्हैनं उपासच केलासा वाटतं. खावा." चाचांचं खरं होतं, तिखट मला झेपलं नाही. डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि त्याला कोणी काही म्हणू शकत नव्हतं. वर कुंदा खाल्ला. काळपट कुंदा वाईट नसतो.

जेवण झाल्यावर तिने ट्रंक उघडली. साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले सहा फ्लोट, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं कापड. सुयांची डबी. पण जेट दिसेनात.

"जेट?"

"हे काय." तिने मागाकडे बोट दाखवलं. साडीच्या काठाचे दोरे ताणून राहावेत म्हणून त्यांना खाली वजन लटकवतात. कोणी दगड बांधतं, कोणी नट. गंगाक्काच्या मागाला दोन्ही बाजूंना आमच्या गाडीचे जेट लटकत होते, ओळीने, लखलखीत. "अक्काच म्हणाल्या, कामात ठेव. ट्रंकेत पडलं तर इसरशील, मागावर हायत तर रोज डोळ्यापुढं ऱ्हातील."

तिने दोन जेट सोडले. काठ ढिला पडू नये म्हणून त्या जागी आमच्या कार्बोरेटरमधले झिजलेले दोन बांधले. झिजलेले असले तरी वजनाला चालतात.

"उरलेलं कुणाला द्यायचं आता?" तिने विचारलं.

"मलाच."

"तुम्हाला तर मुळीच न्हाय म्हणून सांगितलंय." तिने विचार केला. "असं करू. झिजलेला घिऊन यायचा, चांगला न्यायचा. हातात जुना असल्याशिवाय दारात यायचं न्हाय."

मी कबूल केलं. म्हणून पत्ता देत नाही. तिथला साठा कोणाला द्यायचा हे ठरवायचा हक्क मला नाही, आणि तुम्ही गेलात तर ती तुमच्या बायकोला फोन लावायला सांगेल. निघताना तिने मागावरचा पीळदार सुती दोरा वावभर, म्हणजे चार हात, कापून दिला. डाव्या दाराची गोष्ट तिला माहीत होती. तिला सगळंच माहीत होतं.

शनिवारी बापूने भाग बसवले. अर्धा तास म्हणाला होता, तीन तास लागले. गाडी दोनदा ठसकली आणि मग तो आवाज आला, चुलीवर मोठं पातेलं रटरटावं तसा.  बापू फडक्याने हात पुसत राहिला.

सोमवारी सकाळी सात वाजता मी कागदपत्रांची फाइल घेतली, गाडीत बसलो, दार ओढून धरलं आणि वाट बघत राहिलो.

बापू बाहेर उभा होता. थोड्या वेळाने खिडकीत वाकून हळूच म्हणाला, "मालक, चालवणार कोण?"

मी डावीकडे बसलो होतो.

उतरलो, वळसा घालून उजवीकडे बसलो. बापू डावीकडे बसला. वडगावच्या दोऱ्याने दार आतून शेजारच्या खांबाला बांधलं, तरी एक हात धरायला ठेवला. चिकोडी साधारण तासाच्या अंतरावर आहे, रस्ता बरा, मध्ये ऊसगाड्या असल्या तर दीड तास धरा. मी ताशी तीसने चालवली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. बापू म्हणाला, "अक्का असत्या तर ह्यांच्या पुढं असत्या."

तपासणीच्या साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितला, मग डावं दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं.

"हे कशानं बांधलंय?"

"मागाचा दोरा आहे. वडगावचा."

त्यांनी तिसऱ्यांदा ओढून बघितलं. "महिन्यात कडी बसवून घ्या," म्हणाले, आणि कागदावर सही केली.

परत येताना बापू निपाणीच्या वेशीवर दोरा सोडून उतरला आणि मी दार पुन्हा बांधलं. तिथून घर दोन किलोमीटर आणि तीन वळणं. प्रत्येक वळणाला माझा डावा हात स्टिअरिंग सोडून दाराकडे जात होता. दोरा पक्का होता. दार काही उघडलं नाही.

कडी अजून बसवलेली नाही, महिना संपायचा आहे. भंगारवाल्याचा नंबर काढून टाकला. सहापैकी पाच फ्लोट वडगावला आहेत, आणि बापूच्या मते आताचा हा दहा वर्षं बुडणार नाही. तो बुडेपर्यंत मला तिकडे जायला कारण नाही, हे जरा गैरसोयीचं आहे. गंगाक्काने त्यावर तोड काढली आहे. फोनवर म्हणाली, साडी बघायला यायला झिजलेलं काही लागत न्हाय.

रोज सकाळी देवघरात ती घंटा वाजवतो. तीन वर्षांचे फ्लोट आणि जेट गेले तिच्यात. पण आवाज चांगला आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.